वाचकाचे देणे



माणसाच्या अंगी चातुर्य यायचे असेल तर त्याने काय काय करावे, हे सांगणारी एक जुनी आर्या आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली असेल. देश हिंडावा, विद्वानांची संगत धरावी, सभेत वावरावे आणि ग्रंथ वाचावेत, असा तिचा आशय आहे. प्रवास आणि वाचन या दोन्ही गोष्टी त्या कवीने एका दावणीला बांधल्या, हे त्याने फार चांगले केले. एकात माणूस पायांनी हिंडतो, दुसऱ्यात डोळ्यांनी. पण या दोहोंतून चातुर्यच येते का हो? चतुर माणसे आपण रोज बघतो. बाजारात बघतो, निवडणुकीत बघतो. माझी आपली समजूत अशी की, प्रवास आणि वाचन यांतून चातुर्य येवो न येवो, आणखी एक गोष्ट यायला पाहिजे. ती म्हणजे कृतज्ञता. आज तिच्याविषयीच आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

'कृतज्ञ' हा शब्द आपण सभासंमेलनांत आभार मानताना इतका वापरतो की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. शब्द फोडून बघा. 'कृत' म्हणजे केलेले, आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे, हे जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे ही नुसती भावना नव्हे, हे एक ज्ञान आहे, आणि ज्ञान म्हटले की ते कष्टाने मिळवावे लागते. भाकरी गोड लागली की आपण रांधणारीचे नाव घेतो. पण ज्वारी पेरणारा, खळे करणारा, जात्याला टाकी लावणारा, हे सारे त्या भाकरीत असतात आणि दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून थोडे मागे चालत जावे लागते. पुस्तकाचेही असेच आहे.

आपल्या पूर्वजांनी सांगितले की माणूस जन्माला येतो तो तीन ऋणे घेऊन: देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने. यातले तिसरे मला मोठे मौजेचे वाटते. ज्यांनी ज्ञान मिळवून ठेवले त्यांना दक्षिणा द्या, त्यांची देवळे बांधा, असे नाही म्हटले. त्यांनी जे ठेवले ते शिका, म्हणजे देणे फिटले! सावकाराने असे म्हणावे की, बाबा, मी दिलेले धान्य तू पेर आणि पिकव, की माझे कर्ज वारले. असा सावकार जगात दुसरा नसेल.

आता हे धान्य माझ्यापर्यंत कसे आले ते सांगतो. आमचे गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. घरी कोरडवाहू थोडी आणि नदीकाठची बागायत त्याहून थोडी. माझ्या लहानपणी आमच्या गावात वाचनालय नव्हते. पण प्राथमिक शाळेत एक गुरुजी होते. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण असे गुरुजी आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात होऊन गेले असतील. आपण त्या जागी आपापल्या गुरुजींचे नाव घालावे. ते दर शनिवारी शाळा सुटल्यावर सायकलवरून तालुक्याला जात आणि तिथल्या ग्रंथालयातून स्वतःच्या नावावर पुस्तके आणत. कापडी पिशवी हँडलला अडकवलेली असे. सोमवारी ती पिशवी वर्गात रिकामी होई. वर्गणी त्यांची, सायकल त्यांची, पाय त्यांचे. आणि वाचणारे आम्ही.

घरी आलो की आई चुलीपुढे असायची. आईला अक्षरओळख नाही. पण मी पुस्तक उघडले की ती म्हणायची, "मनात काय वाचतोस? मोठ्यानं वाच की." तेव्हा मला वाटे की पोरगा खरोखर वाचतो की नुसता बसतो, याची ती परीक्षा घेते आहे. थोडा मोठा झालो तेव्हा कळले, तिला गोष्ट ऐकायची असे. भाकरी थापताना मधेच तिचा हात थांबे आणि ती विचारी, "मग? पुढं काय झालं?"

मोठ्याने वाचणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. श्रावणात देवळात पोथी लागे. श्रीधरांचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप'. वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक आणि ऐकणारे सारे गाव. साक्षरतेचे आकडे मांडताना आपण या ऐकणाऱ्यांना निरक्षर म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यांना अडाणी म्हणण्याची घाई कोणी करू नये. ज्या बाईला पांडवांचा वनवास अध्यायवार ठाऊक आहे, तिने ग्रंथ वाचला नाही असे म्हणणे कठीण आहे.

आमच्या गुरुजींच्या पिशवीची आठवण मला पुढे एका मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना झाली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पोर. १८७५ साली दत्तक जाऊन ते गादीवर आले. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शिकलेल्या पोराला गावात वाचायला काही मिळाले नाही तर तो शिकलेले विसरून जाईल, हेही त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालये उभी करण्याचे काम हाती घेतले. त्यात एक योजना फिरत्या ग्रंथालयाची होती. लाकडी पेटीत पुस्तके भरायची आणि ती पेटी गावोगाव पाठवायची. गावाने वाचून झाले की पेटी परत जाई आणि दुसरी येई. माणसाला पुस्तकाकडे जाता येत नाही तर पुस्तकाने माणसाकडे जावे, असा तो साधा विचार. आपल्या महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि खेड्यांतल्या पुष्कळ वाचनालयांना त्याने आधार दिला. पण कायद्याच्या आधी पेटी होती, आणि पेटी नव्हती तिथे पिशवी होती, हे विसरून चालणार नाही.

हे सारे माझ्या मुलांना सांगून कळेना. त्यांना पुस्तक म्हणजे शाळेतून मिळते ते किंवा दुकानातून येते ते. ते कुठून तरी निघून, कोणाच्या तरी हातांतून येते, हे दाखवावे म्हणून २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही एक प्रवास केला. बरोबर बहात्तर वर्षांची आई, पत्नी, सातवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. वाहन एसटीचे. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना निम्मे भाडे झाले होते. कंडक्टरने तिकिटे फाडली तेव्हा आईने हिशेब केला, "माझं अर्धं, सूनबाईचं अर्धं, पोरांचं अर्धं. पुरं माणूस तेवढं तूच!" शेजारच्या बाकावरची मंडळीही हसली.

पहिला मुक्काम वाईला होता. वाई हे कृष्णेच्या काठचे क्षेत्र. घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन झाल्यावर पत्नी म्हणाली, "आत्याबाई, पायऱ्या जपून उतरा." पण तोवर आई पाण्याशी पोहोचलीही होती. तिने पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावले आणि मला विचारले, "ह्येच पानी आपल्याकडं येतं न्हवं?"

"होय आई. इथून माहुलीला, तिथून कऱ्हाडला, आणि मग आपल्या गावाला."

ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी वरच्या मान्सांचं उपकारच की. लागंल तेवढं घेतलं आन् खाली सोडलं."

मित्रहो, वाई दाखवण्याचा माझा हेतू जो होता तो तिने माझ्या आधीच सांगून टाकला. कारण वाईहून नुसते पाणीच खाली आले नाही. आपला 'मराठी विश्वकोश' या गावात तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. त्यांचा जन्म १९०१ साली खानदेशात पिंपळनेरला झाला. लहान वयात ते विद्येसाठी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच होऊन राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. शास्त्रीबुवा १९९४ साली गेले. विसावा खंड निघाला तो २०१५ साली. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांना कळस बघायला मिळाला नाही. किती विद्वानांनी नोंदी लिहिल्या, किती जणांनी त्या तपासल्या, किती जणांनी मुद्रिते वाचली, खिळे जुळवले, चित्रे काढली! आज तोच विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. सुटी असल्यामुळे कार्यालयाचे दार बंद होते. आम्ही बाहेरूनच ती इमारत बघितली. मुलीने विचारले, "बाबा, आमच्या प्रकल्पासाठी मी जी माहिती उतरवून घेतली ती इथली?" मी म्हटले, "इथली." तिने दाराशी चपला काढल्या आणि नमस्कार केला. मी तिला तसे करायला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तिथून भिलार. भिलारचे नाव आपण ऐकले असेल. इंग्लंडच्या शेजारी वेल्स प्रांतात हे-ऑन-वाय नावाचे एक पुस्तकांचे गाव आहे. तिथे गावभर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. त्यावरून आपल्या शासनाने भिलारला पुस्तकांचे गाव करावयाचे ठरवले आणि ४ मे २०१७ रोजी ते सुरू झाले. पण आपल्या गावात आणि त्या गावात एक फरक आहे. तिथे पुस्तके विकत मिळतात. भिलारला ती नुसती वाचायची. गावातल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या, पडव्या पुस्तकांना दिल्या. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रे, कुठे संतवाङ्मय, कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास. कोणीही यावे, बसावे, वाचावे, जावे. मोल नाही.

वाटेत दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे होते. आईचे निम्मे लक्ष त्या रोपांकडे. एका घराच्या ओसरीवर ती टेकली आणि तिने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "ह्या घरवाल्यास्नी भाडं किती मिळतं?"

"भाडं नाही, आई."

"मग राखन कोन करतं? झाडलोट?"

"घरचीच माणसं."

"म्हंजी घरात पोथी ठेवत्यात तसंच झालं," ती म्हणाली आणि तिचे समाधान झाले.

आत कवितेची पुस्तके होती. मुलीने एक काढले आणि आजीला ऐकू जाईल असे वाचू लागली. ती बहिणाबाई चौधरींची गाणी होती. आई ऐकता ऐकता पुढे सरकली. दोनतीन गाणी झाल्यावर म्हणाली, "ही बाई शेतातली हाय."

"हो आजी, जळगावकडची."

"शाळंला किती गेलती?"

"शाळेत गेलीच नाही. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं."

"मग ल्हिलं कुनी?"

मुलीने माझ्याकडे बघितले. मी सांगितले, की बहिणाबाई जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले एक गृहस्थ ती गाणी कागदावर उतरवून ठेवत. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली त्याचे पुस्तक झाले. वही जपली गेली नसती तर त्या माउलीचे सारे शब्द तिच्याबरोबरच गेले असते.

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने, मी दुसरे पुस्तक चाळत असताना, ती स्वतःशीच गुणगुणू लागली. आमच्याकडे गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, पण डाळी भरडायला जाते होते आणि पहाटेच्या ओव्या होत्या. मुलीने दप्तरातून वही काढली. "आजी, सावकाश सांग हं." आणि आजी सांगू लागली. भावाच्या वाटेकडे डोळे लावण्याच्या ओव्या, कृष्णेच्या पुराच्या ओव्या, विठ्ठलाच्या ओव्या. या तर घरोघर असतात. पण एक निराळी निघाली. मी आठवीत तालुक्याच्या शाळेत पायी जात असे, तेव्हाची. तिच्यात तिने उन्हाला विनवले होते, की माझा लेक वाटेवर आहे, त्याच्या डोक्यावरून जरा हळू चाल. त्याच्या पिशवीत भाकरी एक आणि पुस्तके चार आहेत.

ही ओवी मी त्या दिवशी प्रथम ऐकली. पूर्वी ऐकणार कशी? ती जात्यावर बसे तेव्हा मी शाळेच्या वाटेला लागलेला असे. चार पुस्तकांचे ओझे मी वाहतो असे मला वाटत होते. ते ओझे पाहणारी, त्यावर शब्द जुळवणारी बाई घरात होती, आणि ते शब्द पस्तीस वर्षे तिच्या मनात होते. परतीच्या एसटीत बसेपर्यंत वहीत एकोणीस ओव्या झाल्या होत्या.

कोणी म्हणेल, हे ठीक आहे, पण बायाबापड्यांच्या ओव्यांचे एवढे काय? तर त्यांनी थोरांनी काय केले ते पाहावे. साने गुरुजींनी घरोघरच्या ओव्या वेचून 'स्त्री-जीवन' हा संग्रह सिद्ध केला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्यासाठी आईने काय केले ते जाणून घेऊन एका मुलाने लिहून ठेवावे, याहून कृतज्ञतेचा दुसरा अर्थ कोणता? डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संग्रहासाठी हयात वेचली. आणि पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक आज संगणकावर वाचायला आणि त्या बायांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. परदेशातून आलेला माणूस आपल्या आयाबहिणींचे शब्द टिपण्यासाठी एवढा खपतो, तर आपल्या ओसरीवर बसलेल्या माणसाचे शब्द टिपायला आपल्याला कितीसा प्रवास करावा लागणार आहे?

जाते आता बहुतेक घरांत कोपऱ्यात पडले आहे किंवा दारातली पायरी झाले आहे. ज्यांनी त्यावर दळण दळले, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुस्तक फाटले तर दुसरी प्रत मिळते. या ग्रंथांची दुसरी प्रत नाही. म्हणून ऋषिऋणाच्या त्या जुन्या कल्पनेला आपण आपल्यापुरती थोडी पुस्ती जोडावी असे मला वाटते. ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे ऋण वाचून फेडावे. ज्यांना लिहिता आले नाही त्यांचे ऋण लिहून फेडावे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे हिशेब पुरा होईल.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. सुटीत मुलांना आपण गृहपाठ देतोच. एका सुटीत एवढाच द्या: घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसायचे, त्याला एक धडा वाचून दाखवायचा आणि त्याने सांगितलेले एक पान लिहून आणायचे. ओवी असेल, उखाणा असेल, दुष्काळाची आठवण असेल, बियाणे राखण्याची रीत असेल. माणसाचे नाव आणि गावाचे नाव खाली घालायला विसरू नये. वर्षाअखेर ती पाने शिवली की आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एक असे पुस्तक जमा होईल, जे जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नाही.

आणि खेड्यातल्या माझ्या श्रोत्यांना सांगायचे ते हे. सहल काढायची तर अवश्य काढा. देव बघा, धबधबे बघा. पण वाटेत कोणा ग्रंथकाराचे गाव असेल, एखादे जुने ग्रंथालय असेल, तर घटकाभर तिथे थांबा आणि मुलांना सांगा की आपल्या घरातले अमुक पुस्तक येथून निघाले. म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवून जाऊ नका. त्यांना सांभाळून नेताना थोडा उशीर होतो, चार ठिकाणी जास्त टेकावे लागते. पण जिथे आपण टेकतो तिथेच पुष्कळ वेळा काही ऐकायला मिळते.

नदीच्या वरच्या गावाने आपल्यापुरते पाणी घ्यावे आणि उरलेले खाली सोडावे, तसेच आपल्यालाही करता येईल. आपल्या खालीही गावे आहेत, आणि तिथली मुले अजून शाळेच्या वाटेवर आहेत.